पत्ता क्रमांक एक्केचाळीस

आमच्या गावात एका वेळी दोनशे चोपन्न माणसांचंच बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. पत्ते तसे दोनशे छप्पन्न, पण पहिला गावाच्या नावाचा आणि शेवटचा दवंडीचा, ते कुणाला देता येत नाहीत. ज्याला पत्ता नाही त्याचे ओठ हलताना दिसतात, बाकी काही पोचत नाही. लिहून दाखवलं तर कागद कोरा दिसतो. तेही करून पाहिलंय लोकांनी.

अठरा पूर्ण होईपर्यंत मुलं बापाच्या पत्त्यावर बोलतात. पुढे नेटवर्किंगची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते, आणि दर तीन वर्षांनी पुन्हा. त्या परीक्षेचा क्लास मी चालवतो. माझा पत्ता सतरा.

सदानंद घोडेरावांनी गावातल्या निम्म्या केबली स्वतः ओढल्या. आठ तारा बोटांनी सरळ करून कनेक्टरमध्ये बसवाव्यात तर त्यांनीच. मी त्यांच्याकडे बघून शिकलो आणि आता त्याची फी घेतो. पण पेपरात चार पर्यायांतला एक निवडायचा असतो, आणि घोडेराव प्रत्येक प्रश्नापुढे लिहून आले, ‘घर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.’ दोनदा नापास झाले. नूतनीकरण न झालेला पत्ता पुढचा उमेदवार पास होईपर्यंतच चालतो.

पुढची उमेदवार त्यांची मुलगी रोहिणी. परीक्षेच्या आधी ती माझ्याकडे आली.

“सर, मी मुद्दाम चुकीचं लिहिते.”

“तू नापास झालीस तर तांबोळ्यांचा मुलगा पास होईल. तुझ्या आप्पांचा पत्ता जाणारच. आणि सोळा तारखेला तुला अठरा पूर्ण होतात. मग तूही गप्प.”

हे सांगताना मला स्वतःची शिसारी आली. पण खोटं काहीच नव्हतं त्यात. ती पहिली आली.

परीक्षा केंद्रावर पत्ते वाटणाऱ्या पिसाळ मॅडमनी रजिस्टर उघडलं. “एक्केचाळीस मोकळा होतोय, तोच हिला. घोडेराव, पाच मिनिटं आहेत. काय बोलायचं ते बोलून घ्या.”

“गॅसचं पुस्तक कपाटात वरच्या फळीवर आहे,” घोडेराव मुलीला म्हणाले. मग हवेतच बोटांनी तारा सरळ करत राहिले. मग म्हणाले, “नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी...”

“आप्पा, ते येतं मला.”

“निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. येतं ना?”

“येतं.”

“मग झालं.”

दोन मिनिटं शिल्लक होती. ती तशीच गेली. मॅडमनी शिक्का मारला.

“आता चाचणी. समोरच्या कुणालाही चार हाका मार. पहिली ज्याला, बाकीच्या त्यालाच. चारही वेळा ओ आली पाहिजे, नाहीतर हा पत्ता रद्द, आणि तुमच्या घरात कुणाचाच उरणार नाही.”

मी मुद्दाम तिच्या समोर जाऊन उभा राहिलो होतो. नुसतं ‘सर’ म्हणायचं होतं. क्लासमध्ये दहा वेळा घोटून घेतलं होतं.

“आप्पा,” रोहिणी म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. घोडेरावांचे ओठ गोल झाले, पण काही आलं नाही. मॅडमनी पेन उचललं. मी घोडेरावांच्या मागे सरकलो आणि म्हणालो, “ओ.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग रजिस्टरकडे. ओ कुणी दिली असा रकाना त्यात नव्हता.

“आप्पा.”

“ओ.”

तिसऱ्या वेळी ती रडायला लागली, पण नजर बापाच्या तोंडावरून हलवली नाही. मला घोडेरावांचा चेहरा दिसत नव्हता. खांदे किंचित वर झाले की मी ओ देत होतो.

“आप्पा.”

“ओ.”

“चार गेल्या, चार आल्या,” मॅडमनी लिहून घेतलं. “गहाळ शून्य. पुढचा उमेदवार.”