पाच अंकांची मोहीम, मुक्काम तलवाडा

श्रीशंभूचे स्मरण करून लिहिण्यास कारण ऐसे की, फसली सन तेराशे सत्तेचाळीसात, निजाम सरकारचा अंमल असता, तलवाड्याच्या बाजारमैदानी जो थोर प्रसंग गुदरला, तो पुढे कोणीही तिखटमीठ लावून सांगेल, सबब आम्ही डोळ्यांनी पाहिले तेवढेच, किंचित वाढवून, लिहितो.

बास्केटबॉल नामे नवा खेळ हैदराबादेहून मदरशात आला आणि तलवाडा व उमापूर या दोन फौजा, पाच-पाच पोरांच्या, दोन लिंबांना बांधलेल्या टोपल्यांखाली उभ्या ठाकल्या. आणि खेळाचा कायदा ऐसा की, चेंडू चुन्याच्या रेषेबाहेर गेला तर पंचाने तो स्वहस्ते रेषेबाहेरील पोराच्या हाती द्यावा, पाच अंक मोजावे, आणि तेवढ्यात पोराने तो आत न फेकल्यास जप्त करून दुसऱ्या फौजेस बहाल करावा. मग मोजणार कोण? घड्याळ तर गावात नाही. तेव्हा बाजारचे मापारी राजमान्य राजश्री गुंडप्पा यांस पंचगिरीची सनद दिली. कारण चाळीस वर्षे त्यांनी ज्वारी मोजली, आणि त्यांच्या मोजणीवर शंका घेणारा अद्याप जन्मला नव्हता.

दोन्ही फौजांची बरोबरी असता, अखेरच्या घटकेस चेंडू रेषेबाहेर गेला. गुंडप्पांनी तो उमापूरच्या उत्तरेश्वर नामे पोराच्या हाती दिला आणि खळ्यावर रास मोजतात तैसे, एकाच्या जागी लाभ म्हणून, मोजू लागले: लाभ, दोन, तीन, चार, पाच. उत्तरेश्वर आपला गडी मोकळा होण्याची वाट पाहत राहिला आणि पाच होऊन गेले. गुंडप्पांनी शिट्टी फुंकून चेंडू जप्त केला.

मग उमापूरचे मालीपाटील भगवानराव छत्री उगारून चाल करून आले.

"लाभ हा काय आकडा हाय का बे? तू चारच मोजलं. एक खाल्लास!"

मापाऱ्याने एक खाल्ला, हा बट्टा लागला तर उद्या त्यांच्या मापाखाली पोते कोण धरील? आम्हांस म्हाताऱ्याचे फार वाईट वाटले. मग ते अदबीने बोलले,

"बरूबर हाय, मालक. मंग तुमची ज्वारी बी मी लाभापासूनच मोजून इकली. दर मोजणीला लोकांला एक पायली कमीच गेली म्हना की."

आणि तमाम बाजार भगवानरावांकडे वळला, आणि भाजी-माळवे विकणारी छबुबाई रिकामे पोते झटकून उभी राहिली आणि आपण किती वेळा ज्वारी घेतली हे बोटांवर मोजू लागली, तेही लाभापासून.

भगवानरावांनी छत्री खाली घेतली, घाम पुसला आणि हुकूम फर्माविला की, लाभ म्हणजे एकच, आज्यापणज्यापासून एकच, आणि जो शंका घेईल तो उमापूरचा नव्हे.

सबब चेंडू तलवाडेकरांस बहाल जाहला, आणि त्यांच्या सुग्रीव नामे पोराने तीन म्हणण्याच्या आत तो आत फेकला, आणि त्या लाभापासूनच्या मोजणीत पाटलांचा आवाज सर्वांहून मोठा होता. ऐसी गुंडप्पा मापाऱ्यांची फत्ते जाहली. खेळ कोणी जिंकला तेही लिहिले असते. पण तिकडे कोणी पाहतच नव्हते, आम्हीही नाही.