वाटाड्या आणि कानोसा

"कामावरच्या वस्तू घरात आणू देऊ नये गं, सूनबाई," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मग घरातल्या वस्तू कामावर जातात."

"अहो आई, सकाळपर्यंतचा तर प्रश्न आहे," म्हणून सूनबाईने विषय संपवला.

वस्तू होती वाटाड्या. वर अवकाशात एक उपग्रह उन्हाची वीज करतो आणि बिनतारी खाली पाठवतो. कुठे पाठवायची, ते त्याला साबणदाणीएवढा पांढरा डबा सांगतो. डबा जिथून हाक मारील, तिथे वीज. नवरा वीज उतरवण्याच्या केंद्रात तंत्रज्ञ. डब्याचं सैल बटण घट्ट करायला त्याने तो कुंपणालगतच्या क्वार्टरमध्ये आणला आणि स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला. त्याच बोर्डावर कानोसा होता. पाळण्यापाशी ठेवलेल्या जोडीदाराला जे ऐकू येई, ते हा स्वयंपाकघरात ऐकवी. तोही पांढरा, तोही साबणदाणीएवढा.

दुसऱ्या दिवशी अकराला पहिली चाचणी होती. बल्ब लागला तर केंद्र चालणार. नाही तर केंद्राला कुलूप, आणि नवऱ्याच्या नोकरीलाही. त्या घाईत तो वाटाड्याऐवजी कानोसा खिशात घालून पळाला.

अकराच्या ठोक्याला केंद्राच्या साहेबांनी चाचणी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर खूण केली. नवऱ्याने बटण दाबलं. बल्ब ढिम्म. डबा मात्र सासूबाईंच्या आवाजात म्हणाला, "शी केलीस होय रे लबाडा?"

"ही काय भानगड?" साहेबांनी विचारलं.

"सर, थोडी तांत्रिक..."

"आणि तुझ्या बापाचा तो साहेब!" डबा पुढे म्हणाला. "डोकं म्हणजे गेलेला बल्ब. वरून गुळगुळीत, आत अंधार!"

नवऱ्याने आवाज कमी करायला चकती फिरवली. ती नेमकी उलट फिरली.

इकडे सूनबाईने बोर्डावर उरलेला डबा कानोसा समजून चालू केला. बाळाचा आवाज येईना. आवाज आला की तिला काळजी वाटे, नाही आला की दुप्पट. ती डबा कानाला लावून उभी होती, तोच कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली, फेकायला काढलेली ट्यूब पेटली. ना वायर, ना बटण.

ती पाळण्याकडे धावली. "आई, बाळाला उचला! ट्यूब आपोआप पेटलीय!"

"कुठली गं?"

"फेकायची! कोपऱ्यातली! वायरसुद्धा नाहीये हो तिला!"

केंद्रात हे सगळं खणखणीत ऐकू गेलं. नवऱ्याला उलगडा झाला. साहेबांना त्याच्याही आधी झाला.

"मंडळी, वीज आलेली आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "फक्त घर चुकलंय. चालत दोन मिनिटं."

चपला दाराशी काढून सात पाहुणे स्वयंपाकघरात ट्यूबकडे बघत उभे राहिले. सूनबाई बाळाला घेऊन अंगणातूनच ओरडली, "याने माणसाला काही होत नाही ना?"

"छे!" साहेब म्हणाले. "ही वीज कोवळ्या उन्हाइतकीच असते."

"मग तुम्हीच उभे राहा तिच्याशेजारी."

साहेब राहिले. गुळगुळीत डोक्यावर ट्यूबचा उजेड पडला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. केंद्र वाचलं, नोकरीही.

वाटाड्या त्याच दिवशी जागेवर गेला. कानोसा मात्र साहेबांनी 'पुढील अभ्यासासाठी' स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतला. तेव्हापासून रोज दुपारी सासूबाई अंगाई म्हणतात, बाळ झोपतं आणि तीनच्या सुमारास फोन येतो, "सूनबाई, बाळ उठलं बरं का. दूध गरम करा." ऐकून ऐकून तेही तिला सूनबाईच म्हणायला लागलेत.

आज सव्वाचार झाले. बाळ केव्हाचं उठून दूध पिऊन कडेवर बसलंय. सासूबाईंनी आज अंगाई जरा लांबवली होती, आणि साहेबांचा फोन काही आलेला नाही. सूनबाईला घरातून हलता येत नाही. तेव्हा तिचं एवढंच सांगणं आहे: तुमच्यापैकी कोणी केंद्रावरून जाणार असेल, तर साहेबांच्या खोलीत जरा डोकावून या. दार हळू ढकला. झोपले असतील, तर पांघरूण घाला.