फाईल हुडकण्याची परवानगी

तासगावजवळच्या हंबीररावाला सरकारी रस्त्याखालून पाण्याचा पाईप न्यायचा होता. विहीर रस्त्याच्या अलीकडे, नवी द्राक्षबाग पलीकडे आणि मधला रस्ता सरकारचा. अशा माणसांसाठी सांगलीत पाईप-रस्ता-ओलांडणी कार्यालय नावाची सोय होती. हंबीररावानं रीतसर अर्ज दिला, त्याची रीतसर फाईल झाली आणि ती रीतसर सापडेनाशी झाली. तोवर तो बैलगाडीतून पिंपानं पाणी वाहत होता आणि कोवळ्या वेली माना टाकत होत्या.

साल शहात्तर. कार्यालयाचे साहेब नुकतेच कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. फाईल नावानं किंवा गावानं हुडकणं मागासलेपणाचं आहे, फाईल हुडकायची ती परवानगीवरून, असं त्यांना तिथं समजलं होतं. त्याप्रमाणे प्रत्येक फाईलवर चिठ्ठी डकवण्यात आली. कारकुनास काय करता येईल, शाखेस काय करता येईल आणि जनतेस काय करता येईल, हे तीवर नमूद असे. करण्यासारख्या गोष्टी तीनच होत्या: पाहणे, लिहिणे आणि अंमल करणे.

"तुमची फाईल कुठल्या परवानगीची?" हेडक्लार्क शांतिनाथअण्णांनी विचारलं. अण्णा सज्जन होते. नियमाबाहेर जाऊन त्यांनी कुणाला कधी छळलं नव्हतं.

"ते मला कसं ठावं आसनार, अण्णा? चिठ्ठी फायलीवर हाय."

"मग फाईल बघून सांगा."

"आवं, फाईलच तर हुडकायची हाय!"

"तेच म्हणतोय मी. परवानगी सांगा, आत्ता हुडकतो."

हंबीररावानं अंदाजानं सांगितलं, जनतेनं बघायची असंल. अण्णांनी शोध घेतला. जनतेला पाहता येईल अशी एकही फाईल निघाली नाही, कारण उद्या अंगाशी यायला नको म्हणून कारकुनांनी जनतेचं पाहणं सगळ्याच चिठ्ठ्यांवरून खोडून टाकलं होतं. 'जनतेची एकही फाईल प्रलंबित नाही' असा अहवाल वर गेला आणि साहेबांना मनापासून आनंद झाला.

"परवानगी बदलून मिळते," अण्णा म्हणाले. "पण ती फाईलच्या मालकालाच बदलता येते."

"मालक म्यॅच की."

"तुम्ही अर्जदार. ज्यानं फाईल उघडली तो मालक. अजितकुमार. त्याची साताऱ्याला बदली झाली."

हंबीरराव एस.टी.नं साताऱ्याला गेला. अजितकुमार फार भला माणूस निघाला. त्यानं चहा पाजला आणि 'जनतेस पाहू द्यावे' असं लगेच लिहून दिलं. अण्णांनी तो कागद कौतुकानं वाचला.

"झालं तुमचं काम. आता हा कागद फाईलला लावला की फाईल बघता येईल."

"मग लावा की."

"लावायला फाईल बघावी लागेल. बघायची परवानगी हा कागद लागल्यावर मिळेल."

तेव्हा मात्र हंबीररावाचा तोल गेला. त्यानं टेबलावर असा हात आपटला की खुद्द साहेब बाहेर आले. साहेबांना अर्धवट काही जमत नसे. उद्यापासून सर्व फायलींवर सर्वांस सर्व परवानग्या, असा हुकूम त्यांनी उभ्या उभ्या काढला.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात फायलींचे ढीग लागले होते आणि त्यांवर जनता लागली होती. एकानं स्वतःच्या दारापर्यंत रस्ता मंजूर केला. एकानं मेहुण्याची बदली रद्द केली. शिपाई ज्ञानू पुरवणीचे कागद वाटून दमला.

हंबीररावाच्या हाती पहिली आली ती शेजारी नानासोची फाईल. त्यालाही पाईपच न्यायचा होता. दोघांच्या विहिरींचा झरा एकच, असं हंबीररावाचं जुनं मत होतं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पेनाचं टोपण काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'त्रुटी आहेत. फेरअर्ज करावा.' हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण हात अडखळला नाही.

मग शेजारच्या ढिगात त्याची स्वतःची फाईल सापडली. ती कुणीतरी आधीच निकाली काढली होती. मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'मंजूर. गड्याची बाग वाळाय लागलीया. नानासो.'

हंबीररावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली ओळ खोडायला तो परत धावला. पण तेवढ्यात कुणीतरी साहेबांचीच गडचिरोलीला बदली मंजूर केल्याचं उघडकीस आलं होतं. साहेबांनी जनतेचं लिहिणं तत्काळ काढून घेतलं. झालेलं लिखाण मात्र कायम राहणार होतं, कारण ते रीतसर परवानगीनं झालं होतं. ज्ञानू पेनं गोळा करत आला. पाहण्याची परवानगी शाबूत होती, म्हणून हंबीरराव आपलं वळणदार अक्षर पाहत उभा राहिला.

नानासो स्टँडवर भेटला. "सकाळच्या पैल्या गाडीनंच आल्तो. तुजी घावली, पर माजी काय दिसंना. तुला घावली का रं?"

"न्हाई गड्या," हंबीरराव म्हणाला. "लय हुडकली."

"आसूंदे. सरकारी काम हाय, त्येला तू तरी काय करनार?"

मग गाडी तासगावात येईपर्यंत दोघांनी मिळून त्या कार्यालयाला शिव्या घातल्या. हंबीररावाच्या जरा जास्त होत्या. अशा वेळी आपल्याही असतातच.