पिराजीरावांना वीसपैकी सहा

शाळा आणि कारखाना ही राष्ट्राच्या प्रगतीची दोन पावलं होत, असं शिक्षण खात्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पत्रक आलं त्या दिवशी शाळेच्या एकुलत्या एका लेथ मशीनवर पारवी अंड्यांवर बसली होती. त्यामुळे दुसरं पाऊल पंधरा दिवस तरी उचलता येण्यासारखं नव्हतं.

मुनव्वर शिकलगार सर अकरावी-बारावीला तांत्रिक विषय शिकवत. पत्रकाचा शेवटचा परिच्छेद त्यांनी चार वेळा वाचला. 'पंधरा विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घेतो' अशी स्थानिक मालकांची पत्रं महिनाअखेर जमा करावीत, नाहीतर कोर्स बंद. कोर्स बंद म्हणजे सर अतिरिक्त, आणि अतिरिक्त शिक्षकाला खातं जिथं पाठवील तिथं जायचं. सरांच्या आधीचे अतिरिक्त शिक्षक जिथं गेले होते, तिथं एसटी दिवसातून एकदा जाई आणि परतायचं तिच्यावर बंधन नव्हतं.

म्हणून सरांनी मेळावा ठरवला. मालकांनी यायचं, मुलांच्या मुलाखती घ्यायच्या, खूश होऊन पत्रं द्यायची. तीन मालक कबूल झाले. उद्यमनगरात फौंड्री असलेले पिराजीराव खोत, कांदा-लसूण चटणीचा कारखाना चालवणाऱ्या झुंबरबाई आणि चपलांचे कारखानदार गणपती. मेळावा मंगळवारी, शिक्षणाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत. पत्रिका सुबक छापल्या होत्या.

सोमवारी सरांनी रंगीत तालीम ठेवली. वर्गातल्या शिवानी आणि श्रुती या दोघींना टेबलामागं मालक म्हणून बसवलं. समोर उमेदवाराची खुर्ची. फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वशिला चालणार नाही', आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"उमेदवार म्हणून चार पालकांनाबी बोलावलंय," सर म्हणाले. "दारातनं येईल त्याला बसवायचं आणि विचारायचं. मोठं माणूस बघून दबायचं न्हाय. वीसपैकी मार्क द्यायचे. आठाच्या खाली नापास."

"आणि रागावलं तर?" शिवानीनं विचारलं.

"रागावलं तर मार्क कापायचे."

एवढं सांगून सर लुनावर बसले आणि फेटेवाल्याला उद्याची आठवण करायला महाद्वार रोडला गेले. कोल्हापुरात पाहुण्याच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय त्याच्याकडून सही मागायची पद्धत नाही.

इकडं सोमवार असल्यामुळे उद्यमनगर बंद होतं. पिराजीरावांनी पत्रिका पुन्हा पाहिली. मंगळवारी त्यांची भट्टी पेटायची. "मंगळवार पडला म्हणून काय झालं?" ते झुंबरबाईंना फोनवर म्हणाले. "लग्नाचा मुहूर्त हाय व्हय? आज मोकळं हाय तर आजच जाऊन येऊ की." गणपतींना विचारायचा प्रश्न नव्हता. ते कशालाही 'व्हय' म्हणत. तिघं जीपमधून शाळेत आले आणि जिथं टेबल मांडलेलं दिसलं त्या वर्गात शिरले.

"बसा," शिवानी म्हणाली. सत्काराची सवय असलेले पिराजीराव पुढची खुर्ची बघून बसले.

"नाव?"

"पिराजीराव."

"पूर्ण सांगा."

"पिराजी ज्ञानू खोत."

"शिक्षण?"

"नववी."

"पास का नापास?"

वर्गात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, पण त्या वर्गात टाचणीसुद्धा नव्हती. "गणितात गेलतो," पिराजीराव म्हणाले. हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

"आधीची नोकरी का सोडली?"

"सोडली न्हाय. फौंड्री माझीच हाय."

श्रुतीनं लिहिलं, 'उत्तर टाळतात.'

"कामावर हात भाजला तर काय करणार?"

"हळद लावायची. पुढं काय?"

शिवानीचे वडील दुसऱ्या एका फौंड्रीत मोल्डर होते. तिनं चष्मा, हातमोजे, दवाखाना असं सगळं क्रमानं सांगितलं आणि तीन मार्क कापले. "साहेब रागावले तर?"

"मला कोण रागावणार?"

'स्वभाव तापट,' श्रुतीनं लिहिलं.

पुढं झुंबरबाई बसल्या. दोन कामगारांत भांडण झालं तर काय कराल, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दोघींना एका सुपात मिरच्या निवडायला बसवतो. दुपारपत्तूर एक शिंकती आणि दुसरी तिला पदर देती." त्यांना सतरा मिळाले. गणपतींनी सगळ्या प्रश्नांना मान खाली घालून 'व्हय' म्हटलं. त्यांना नम्रपणाबद्दल अकरा.

सर परतले तेव्हा दारात जीप उभी होती. खिडकीतून त्यांना समोरच्या बाकावर ओळीनं बसलेली आपली पंधराही पत्रं दिसली. ते धावत आत गेले.

"शिवानी, अगं हे कोण हायत माहीत हाय का?"

"पिराजी ज्ञानू खोत. सहा मार्क. नापास."

"मास्तर, तुम्ही मधी बोलू नका," पिराजीराव म्हणाले. "का गं पोरी, ह्या गणपतीला अकरा आणि मला सहा? त्यो माझ्याम्होरं तोंडबी उघडत न्हाय."

"म्हणूनच," श्रुती म्हणाली.

सर टेबलाजवळ वाकले आणि पुटपुटले, "दोन मार्क वाढव." शिवानीनं फक्त मागं वळून फळ्याकडं पाहिलं. पिराजीरावांनीही पाहिलं. दोन्ही रेघांसकट.

एवढ्यात हेडमास्तर शाल आणि नारळ घेऊन आले. कुणीतरी त्यांना जीपची बातमी दिली होती.

"ठेवा ते," पिराजीराव म्हणाले. "नापास माणसानं सत्कार घ्यायचा नसतो. पोरी, फेरपरीक्षा कवा?"

"पुढल्या वर्षीच्या मेळाव्याला."

"येतो. तवर हातमोजे आणतो सगळ्यास्नी. चष्मेबी."

सरांचं आता काही उरलं नव्हतं, म्हणून ते खरं बोलले. "पुढल्या वर्षी मेळावा नाही, पिराजीराव. कोर्सच बंद होतोय. पंधरा मुलांना कारखान्यात घेतल्याची पत्रं नाहीत."

पिराजीरावांनी सहाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे मी जलमभर नापासच ऱ्हायचा?"

"तसंच म्हणायचं," झुंबरबाई म्हणाल्या. त्या पास होत्या, त्यांना बोलायला काय.

"न्हाय जमायचं. आणा कागुद. आठ पोरं माझी. बाई, तुम्ही?"

"पाच घेतो. त्यात ह्या दोघी पहिल्या. असल्या पोरी दुसऱ्याच्या कारखान्यात गेल्या तर माझं कठीण हाय."

"गणपतराव, तुम्ही दोन घेताय न्हवं?"

"व्हय," गणपती म्हणाले.

पंधरा झाली. सरांनी सह्या घेतल्या तेव्हा फेटे कुणाच्याच डोक्याला नव्हते.

मंगळवारी भट्टी पेटली आणि मेळाव्याला एकही मालक आला नाही. फेटेवाला मात्र आला. तीन फेटे शिक्षणाधिकारी, हेडमास्तर आणि सर यांना बांधले गेले. अधिकाऱ्यांनी पंधरा पत्रं मोजली, कोर्स चालू ठेवण्याच्या शेऱ्यावर सही केली आणि मेळाव्याच्या अहवालाचा छापील फॉर्म सरांपुढं सरकवला. सरांना खोटं लिहायची सवय नव्हती आणि पंधरापैकी एकाही मुलाची मुलाखत झालेली नव्हती. त्यांनी रकाने भरले.

मुलाखत दिलेले उमेदवार : तीन. उत्तीर्ण : दोन. सरासरी वय : बावन्न.