सामोरे जाण्याचा समारंभ

विद्यापीठाला अकरा वर्षे पूर्ण झाली होती आणि ही गोष्ट व्यवस्थापनाच्या मनाला फार लागली होती. अकरा वर्षांच्या पोराला सोलापुरात कोणी मानाच्या पंगतीत बसवत नाही, मग विद्यापीठाला कोण बसवणार? वय तर वाढवता येत नाही. म्हणून यंदाचा पदवीदान समारंभ एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीने करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

ठरावानुसार प्राध्यापकांनी पगड्या घालायच्या होत्या. कुलगुरू पदव्यांवर व्यासपीठावरच बोरूने सह्या करणार होते आणि प्रमुख पाहुणे आगगाडीनेच येणार होते. त्या शतकात मोबाइल नसल्यामुळे सर्व कर्मचाऱ्यांचे मोबाइल दोन दिवस आधीच कपाटात कुलूपबंद झाले. पंखे मात्र प्रशासकीय कारणास्तव चालू राहिले.

पाहुणे डॉ. वीरभद्रप्पा पुण्याचे. त्यांना घ्यायला सोलापूर स्टेशनवर कुलसचिव जाणार, हे कळल्यापासून अधिष्ठात्यांचे जेवणावरचे लक्ष उडाले. शेवटी त्यांनी बैठकीत सांगून टाकले, "पाहुण्याला सामोरं जायची आपली रीत आहे. मी कुर्डुवाडीला जातो."

कुलसचिव पदाने वरचे. वरच्याने मागे थांबावे, हे कोणत्याच परिपत्रकात बसेना. ते दौंडला सरकले. मग कुलगुरूंना पुण्याखेरीज गावच उरले नाही.

प्रत्येकाबरोबर त्याच्या पदाला शोभेल एवढा कर्मचारीवर्ग निघाला. परीक्षा विभाग हार घेऊन दौंडला गेला, ग्रंथालय सत्काराच्या चादरी घेऊन कुर्डुवाडीला. लेखा विभाग कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पोती सांभाळत पुण्यापर्यंत गेला, कारण एकोणिसाव्या शतकात वाटेत काही मिळत नसे. सोलापूर स्टेशनवर थांबणे आता कमीपणाचे ठरल्यामुळे तिथे कोणीच थांबले नाही.

विद्यापीठात उरल्या त्या प्रा. धम्मप्रिया. त्या तासिका तत्त्वावरच्या, त्यामुळे त्यांना प्रवासभत्ता लागू नव्हता.

"सर, मी एकटी काय करू?" त्यांनी विचारले.

"तुम्ही समारंभ बघा," कुलसचिव म्हणाले. "महत्त्वाची कामं आम्ही बघतो."

शनिवारी सकाळी सभागृहात पहिली आली प्रियंका, रसायनशास्त्रात विद्यापीठात पहिली; बाकीच्यांनी पदव्या टपालाने मागवल्या होत्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कपड्याचा रंग तपासायची नोकरी तिला मिळाली होती. अट एकच. सोमवारी सहीची मूळ पदवी दाखवायची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीला घेणार. तिचे आईवडील, गोजाबाई आणि गुंडा, मेंढरं भावकीच्या हवाली करून सांगोल्याकडून आले होते. घरातली ही पहिलीच पदवी.

गुंडाने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "म्याडम, सायेब लोक कुटं हायती?"

"पाहुण्यांना आणायला गेलेत."

"मग ह्ये कोन आल्यात?"

दारात रिक्षातून डॉ. वीरभद्रप्पा उतरत होते. ते आदल्या दिवशीच सोलापुरातल्या बहिणीकडे मुक्कामाला आले होते.

"कळवायला किती फोन केले," ते म्हणाले. "एकानंही उचलला नाही."

"सर, फोन कपाटात आहेत," धम्मप्रिया म्हणाल्या आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुपारपर्यंत वाट पाहून पाहुण्यांनी प्रियंकाच्या हातात पदवी ठेवली. तिघांनी टाळ्या वाजवल्या. सहीची जागा मात्र कोरी होती.

"तुमीच करा की सही," गोजाबाई म्हणाल्या.

"मावशी, माझा अधिकार फक्त देण्याचा."

"म्हंजी देनारा आला, घेनारी आली, आन् सही करनारा तेवढा गावाला गेला व्हय?"

यावर उत्तर द्यायला जबाबदार अधिकारी जागेवर नव्हता.

तिकडे पुण्यात कुलगुरूंनी अख्खा डबा शोधला. पाहुणे नव्हते, पण परतीचे तिकीट होते, म्हणून ते गाडीत बसले. दौंडला दार उघडताच कुलसचिवांनी त्यांच्याच गळ्यात हार घातला.

"अहो, मी आहे!"

"ते दिसतंय सर. पण हार पाहुण्यांच्या नावे खर्ची पडलाय, परत नेता येत नाही."

कुर्डुवाडीला अधिष्ठात्यांनी याच नियमाने कुलगुरूंच्या अंगावर चादरी चढवल्या. सोबतच्या छायाचित्रकाराने दोन्हीकडे फोटो काढले. सोलापूर येईपर्यंत कुलगुरू ओझ्याने वाकले होते. प्रवासाचा शीण म्हणून सर्वांनी स्टेशनवरूनच घर गाठले आणि सोमवारची बदली रजा टाकली. समारंभ उत्साहात पार पडल्याचा अहवाल त्याआधीच तयार होता.

सोमवारी प्रियंका कारखान्यात गेली. तिथल्या साहेबांनी पदवी उलटसुलट करून पाहिली, कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि पुढच्या मुलीला आत बोलावले.

मंगळवारी मोबाइल परत मिळाले. हाराचादरीत बुडालेल्या कुलगुरूंचा फोटो विद्यापीठाच्या हितचिंतकांच्या ग्रुपवर आला. त्याखाली प्रियंकाने लिहिले, 'सर, माझ्या पदवीवर सही राहिली. नोकरी गेली.'

तुम्हीही त्या ग्रुपवर आहात. तुम्ही ते वाचलेत, तुम्हाला वाईटही वाटले. पण वर आणि खाली सगळेच अभिनंदन करत होते. अशा वेळी आपणच मागे राहायला नको, म्हणून तुम्हीही गुलाबाचा एक गुच्छ पाठवलात.