तिन्ही खोल्यांत एकाच वेळी

धम्मानंदनं ठरवलं होतं ते एवढंच, की सकाळची वंदना बाबांना मागच्या खोलीत ऐकू यावी. त्यासाठी बैठकीतल्या टेपचा आवाज थोडा वाढवला असता तरी भागलं असतं. त्याच्या बायकोनं, पंचशीलानं, तेच सुचवलं. पण धम्मानंद हिंगोलीच्या पाटबंधारे ऑफिसात कारकून होता आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा तिथला तो एकटाच माणूस होता. (त्यामुळे आपल्याला कॉम्प्युटर येतो असा त्याचा समज झाला होता, आणि ऑफिसनंही तो कधी खोडून काढला नव्हता.)

ही २००७ सालची गोष्ट. त्याचे वडील कोंडीबा जन्मभर सिद्धेश्वरच्या कालव्यावर चौकीदार होते. या काठावरून त्या काठावर बोलायची सवय. घरात त्यांनी चटणी मागितली तरी गल्लीतल्या बाकीच्या बायका चटणीचं भांडं शोधायच्या. त्या माणसाला उन्हाळ्यात लकवा मारला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, आवाज बसला. मोरी जवळ पडावी म्हणून खाट मागच्या खोलीत हलवली. सोयीसाठीच हलवली, पण थोड्याच दिवसांत म्हातारा म्हणाला, "बैठकीत कोन आलं, कोन गेलं, मला काय कळतंय? जित्तेपणीच मागं पुरून ठेवलं तुमी मला."

हे धम्मानंदला लागलं. दुसरा मुलगा असता तर बापाजवळ जाऊन बसला असता. धम्मानंद इंटरनेट कॅफेत जाऊन बसला.

तिथून तो जे शिकून आला ते असं, की एका कॉम्प्युटरमध्ये वंदना, गाणी, भाषणं सगळं भरून ठेवायचं, त्याला सर्व्हर म्हणायचं, आणि वायरी टाकून घरभर आवाज सोडायचा. प्रत्येक खोलीत तेच, आणि एकाच क्षणाला. बैठकीतला कॉम्प्युटर सर्व्हर झाला. भंगारात निघालेले आणखी दोन डबे त्यानं दुरुस्त करून आणले. एक स्वयंपाकघरात ज्वारीच्या कोठीवर बसला, दुसरा बाबांच्या उशाशी. भिंतींना भोकं पडली. एक भोक चुकून शेजारच्या घरात निघालं. (शेजारीणबाईंनी तक्रार केली नाही. उलट ते बुजवू नका म्हणाल्या.)

बाबांनी सर्व्हर हा शब्द सरोवर असा ऐकला आणि त्यांना सगळं समजलं. "म्हंजे धरन बैठकीत, अन् आमी कालव्याच्या शेवटाला, टेलला," ते म्हणाले. "टेलला पानी कवाच टायमावर येत न्हाई."

आवाजही आला नाही. बैठकीतली वंदना संघापर्यंत पोचायची तेव्हा स्वयंपाकघर धम्मावर असायचं आणि मागची खोली अजून बुद्धावरच. पंचशीला हात जोडून दोन दारांच्या मधे उभी राहायची आणि कोणाबरोबर म्हणावं हे तिला कळायचं नाही. धम्मानंदचं 'साधू' म्हणून व्हायचं, त्यानंतर तिचं, आणि सगळे आपापल्या कामाला लागल्यावर मागच्या खोलीत बाबा एकटेच जड जिभेनं 'साधू' म्हणायचे. धम्मानंदनं बैठकीचा आवाज मागे ओढला तर स्वयंपाकघर पुढे पळायचं. स्वयंपाकघर आवरलं की उशाचा डबा मुका व्हायचा. त्या नादात त्याच्या रजा संपल्या आणि पंचशीलाची दोन पातेली जळाली.

पण दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिन्ही खोल्या एकसाथ बोलल्या. मागच्या खोलीत बाबा डोळे मिटून पडले होते आणि त्यांचे ओठ घराबरोबर हलत होते. पंचशीला दारात बघत उभी राहिली. तिला पातेल्यांबद्दल बोलायचं होतं, ते तिनं ठेवून दिलं.

इथं थांबायला पाहिजे होतं. पण धम्मानंदला वाटलं, नुसती वंदना कशाला? बैठकीत माईक ठेवला तर आल्यागेल्याचं बोलणंही बाबांना खाटेवर ऐकू येईल. त्यानं माईक आणला आणि टीव्हीवरच्या फुलदाणीत उभा केला. माईक लावला की बैठकीतला स्पीकर शिट्टी मारायचा, म्हणून तेवढा तो बंद ठेवायचा. म्हणजे बैठकीत बसलेल्याला काहीच ऐकू येत नसे. बाकीच्या घराला सगळं ऐकू येत असे, फक्त जरा उशिरा.

त्याच सुमारास नांदेडच्या डॉक्टरनं धम्मानंदला बाजूला घेतलं. हृदय थकलंय, आता फार दिवस नाहीत, नातेवाइकांना कळवून ठेवा, असं सांगितलं. धम्मानंदनं घरी येऊन बाबांना सांगितलं की सुधारणा आहे. बाबांनाही तसंच वाटत असावं. रोज सकाळी विचारलं की ते म्हणायचे, आज बरं वाटून राहिलं.

रविवारी पुसेगावहून त्याची थोरली बहीण सोजराबाई आणि तिचे मालक उकंडराव आले. त्यांचा 'जयभीम' बाबांना ऐकू जावा म्हणून धम्मानंदनं माईक आधीच चालू केला होता. बाबांना भेटून झालं, त्यांचा डोळा लागला, मग मंडळी बैठकीत आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. (माईकनं कुजबुजसुद्धा पोचवावी म्हणून त्याचा आवाज धम्मानंदनंच पार शेवटपर्यंत वाढवून ठेवला होता.)

डॉक्टर काय म्हणाला ते त्यानं सांगितलं. सोजराबाई पदरात रडली. पुढचं बघावं लागणार होतं, ते उकंडरावांनी हातात घेतलं. त्यांचं म्हणणं, अंत्यविधी पुसेगावला आपल्या शेतात करू, मंडपाला जागा ऐसपैस आहे. कोणाकोणाला कळवायचं, जेवण काय ठेवायचं, सगळं झालं. आदरांजलीचं भाषण आपणच करणार असंही त्यांनी सांगितलं. पंचक्रोशीत कोणी गेलं की ते भाषण करायचेच. सुरुवात कशी होईल ते त्यांनी तिथंच म्हणून दाखवलं. "कालकथित, दिवंगत कोंडीबा..." इथपर्यंत आले आणि त्यांनीच खिशातून रुमाल काढला.

ते धम्मानंदला बघवेना. काहीतरी बोलावं म्हणून तो बोलला, की मागची खोली थंड असते; पुढं कधीतरी सर्व्हर तिकडं हलवता येईल, इथं तो फार तापतो.

तेवढ्यात पंचशीला बाहेर आली. हाताला पीठ, तोंड पांढरंफटक.

"अहो, माईक चालू आहे," ती म्हणाली. "मला तिकडं सगळं ऐकू येऊन राहिलं."

ते मागच्या खोलीत धावले तेव्हा बाबा टक्क जागे होते. माणसं खाटेजवळ पोचली आणि त्यांच्यामागून, टेलच्या रिवाजानं, उशाच्या डब्यातून पंचशीलाचा आवाज आला, की माईक चालू आहे. त्यानंतर सगळ्यांच्या धावण्याचा धपधप आवाज आला. मग डबा गप्प झाला.

"मला ठाव व्हतं," बाबा म्हणाले. "तू सुधारना म्हनत व्हता, म्हनून मी बी बरं म्हनत व्हतो. दोघंबी दमून गेलो."

धम्मानंदनं त्यांचा हात धरला. तो हात डावा होता, त्याला काही कळत नव्हतं.

"पुसेगावला न्हाई न्यायचं," बाबा पुढे म्हणाले. "हितंच करा. अन् जावयाला भाषन करू देऊ नका. लोक उन्हात बसतेत."

उकंडराव पायथ्याशीच उभे होते. त्यांनी मान हलवली. सोजराबाईला रडता रडता हसू आलं आणि ते तिला आवरेना. मग बाबांनी धम्मानंदकडं बघितलं. "खोली थंड हाय," ते म्हणाले. "खरं हाय तुझं."

दुसऱ्या दिवशी धम्मानंद वायरी काढायला गेला तर बाबांनी काढू दिल्या नाहीत. त्यानंतर घरी येणारा माणूस खुर्चीवर टेकायच्या आधी फुलदाणीला जयभीम घालायचा. काही जण तिच्याशी कालव्याच्या पाण्याबद्दल बोलायचे. बाबा आत पडून ऐकायचे. आता बरं वाटतंय असं म्हणायचं काम दोघांनाही उरलं नव्हतं.

थंडीत एका दुपारी ते गेले. त्या वेळी ऑफिसातले एक साहेब भेटायला आले होते आणि धम्मानंद बैठकीत त्यांना सगळी रचना समजावून देत होता. पंचशीला आत बाबांना पेज भरवत होती. तिची हाक आली तेव्हा सगळं झालेलं होतं.

विधी हिंगोलीतच झाला. उकंडराव बोलले नाहीत. सगळ्यांत जास्त तेच रडले. त्यानंतर जो कोणी भेटायला येईल त्याला धम्मानंद भरल्या डोळ्यांनी एकच गोष्ट सांगायचा. सेवा काही झाली नाही आपल्याकडून, पण शेवटच्या घटकेला बाबांच्या कानात माझा आवाज होता, तेवढं समाधान आहे. ऐकणाऱ्याचेही डोळे भरायचे.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली. पंचशीला त्याच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, की मामांनी (सासऱ्यांना ती मामा म्हणायची) सांगू नको म्हणून बजावलं होतं, पण तुम्ही आता दारात येईल त्याला ते सांगून राहिले, म्हणून सांगते.

"काय?"

"त्या दुपारी साहेबांना तुमी वायरीचं सांगायला लागले, तसं मामांनी मला डब्याची पिन काढायला लावली. म्हनले, आता हा लवकर थांबत न्हाई. काढ ते, जरा निवांत पडू दे."