चौतीस नंबरचं स्थळ

चामराजपेटेत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे विठ्ठलअण्णा दर शनिवारी सकाळी अंघोळ करून, गंध लावून ऑस्ट्रेलियाचा फुटबॉल बघायला बसत. केबल आली तेव्हा बाकीच्या गल्लीने सिनेमे बघितले. अण्णांना हे सापडलं. लांबट चेंडू, बिनबाह्यांचे शर्ट, एकमेकांच्या अंगावर पडणारी दांडगी माणसं. गोल झाला की पांढऱ्या कोटातला एकजण निशाणं हलवायचा आणि अण्णा घरातून त्याला हात जोडायचे.

त्यांचा संघ पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा. पण जीव अडकला होता दुसऱ्याच, सारख्या हरणाऱ्या संघातल्या चौतीस नंबरवर. तो बहुतेक वेळ बाकावरच असायचा.

मी त्यांच्या बायकोजवळ, कमळाक्कांजवळ, तांदूळ निवडत बसलेली असे. "पोरगा बघ, शांते," अण्णा मला म्हणत. "खांदे स्वल्प पडलेत, सरी, कबूल. पण आडवा उभा राहून दुसऱ्याला वाट करून देतो. हे कोण बघतं? टीव्हीवर बोलणारे त्याचं नावसुद्धा घेत नाहीत!"

"घरजावई करून घ्या," कमळाक्का म्हणायच्या.

"मुलगी असती तर केलाही असता."

तिकडे हंगाम संपला की संघ आपापसात खेळाडू बदलतात. अण्णांनी मला समजावलं, "आपल्यातलं साटंलोटं गं. तुमचा द्या, आमचा घ्या." पट्टेवाल्यांनी चौतीस नंबर मागून घ्यावा, हे ते थंडीभर दिसेल त्याला पटवत होते. भाजीवाल्याने विचारलंसुद्धा, नात्यातला आहे का म्हणून.

अण्णांचं लग्नही साट्यालोट्याचं. कमळाक्कांच्या भावाला अण्णांची बहीण दिली, आणि त्याच मांडवात कमळाक्का या घरी आल्या. अण्णा हसत सांगत, "बहीण देखणी. तिच्यासाठी मला खपवून घेतलं. भाजीवर फुकट मिळतो ना कढीपत्ता, तसा मी."

नवा हंगाम सुरू झाला. पट्टेवाले मैदानात आले, त्यांत चौतीस नंबर नव्हता. पुढच्या शनिवारी त्याचा जुना संघ खेळला. तिथे त्याच्या नंबरचा शर्ट घालून दुसराच पोरगा पळत होता.

"काढला वाटतं," अण्णा म्हणाले. "कुणीच मागितलं नाही त्याला." पुढ्यातला चहा तसाच निवत राहिला.

कमळाक्कांनी चेष्टा केली नाही. सूप खाली ठेवलं.

"अहो, आपलं साटंलोटं कुणी जुळवलं, माहीत आहे?"

"तुझ्या वडिलांनी."

"मी. दादासाठी मुलगी बघायला आम्ही तुमच्याकडे आलो. सगळे बाहेर मिरवत होते. तुम्ही मागच्या दारी बहिणीला म्हणत होता, हे स्थळ नको असेल तर तू बोलू नकोस, मी सांगतो आणि शिव्याही मीच खातो. मी पाणी प्यायला आले होते, ऐकलं. घरी जाऊन बाबांना म्हटलं, दादाचं तिथे करताय तर माझंही त्या मुलाशीच करा."

अण्णा बघतच राहिले. "इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

अण्णांनी उठून टीव्ही बंद केला. खेळ अर्ध्यावर होता. मग येऊन कमळाक्कांच्या शेजारी खाली बसले आणि तांदूळ निवडायला लागले. चष्म्यावर वाफ धरली होती. चांगले तांदूळच वेचून बाहेर टाकत होते. कमळाक्का ते उचलून पुन्हा सुपात ठेवत होत्या.

मी चपला हातात घेऊन आपली हळूच घरी आले.